ढील

पतंग लहान घ्यावा की मोठा, हा प्रश्न माझ्या लहानपणी येवल्यात उद्भवतच नसे. कारण खिशात जितके पैसे तितका पतंग, असा सरळ हिशेब होता, आणि खिसा रिकामा असेल तर कटलेला पतंग ज्याच्या हाती लागेल त्याचा, हा दुसरा कायदाही सर्वमान्य होता. भोगी, संक्रांत आणि कर या तीन दिवसांत आमचे गाव जमिनीवर राहतच नसे. पैठणीचे माग थांबत, दुकानांच्या फळ्या अर्ध्या लागत आणि आबालवृद्ध, सासवा-सुनांसह, धाब्यांवर चढत. त्या धाब्यांपैकी एकावर मांज्याची आसारी धरून उभा असलेला मुलगा पुढे जमीन-मोजणी खात्यात पस्तीस वर्षे चाकरी करील, तिथून रीतसर निवृत्त होईल आणि वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी बर्लिन शहरातील एका बंद पडलेल्या विमानतळावर चार दोऱ्यांचा कापडी पतंग पोटाशी धरून उभा राहील, असे भविष्य कुणी ज्योतिषाने वर्तवले असते, तर मी त्याच्याकडे दक्षिणा परत मागितली असती.

प्रसंग असा. माझी धाकटी कन्या नोकरीनिमित्त बर्लिनला असते आणि तिथल्या नॉयकोल्न भागात, टेम्पेलहोफच्या मैदानापासून चालत दहा मिनिटांवर, तिसऱ्या मजल्यावर राहते. मी तीन महिन्यांच्या मुक्कामाला तिच्याकडे गेलो, तेव्हा स्केटबोर्ड नावाच्या चार चाकांच्या फळीवर उभे राहून त्या मैदानात हिंडण्याचा छंद तिने लावून घेतला होता. आणि पायाने रेटण्याचा कंटाळा आला म्हणून म्हणा, किंवा त्या मैदानात रोज नजरेस पडणाऱ्या इतर छांदिष्टांचे पाहून म्हणा, आता पतंगाने आपल्याला ओढून न्यावे अशी इच्छा तिच्या मनात उत्पन्न झाली होती. "बाबा, तुम्ही येवल्याचे. पतंगातलं तुम्हाला कळतं," एवढ्या एका वाक्यावर तिने मला या प्रकरणात पंच नेमून टाकले. माझी विद्या कागदाची आणि कामट्यांची. तिचा पतंग सगळा कापडाचा, त्यात कामटी औषधालाही नाही. पण मुलीने बापाला जाणकार म्हणावे आणि बापाने ते नाकारावे, इतका निःस्पृह मी अद्याप झालेलो नाही.

त्या मैदानाविषयी मला जरा विस्ताराने लिहिले पाहिजे. कारण ज्याचा जन्म हद्दीचे दगड शोधण्यात गेला, त्याला असे क्षेत्र पाहून जे वाटते ते इतरांना वाटेलच असे नाही. भर शहराच्या कुशीत तीनशे हेक्टरांहून अधिक, म्हणजे आपल्या जुन्या हिशेबाने साडेसातशे एकरांच्या घरातली, सपाट, मोकळी, गवताळ जमीन आणि तीत पूर्व-पश्चिम पसरलेल्या सुमारे दोन-दोन किलोमीटर लांबीच्या दोन समांतर धावपट्ट्या. प्रशियाच्या राजांच्या अमदानीत इथे फौजांची कवाईत होई. १९०९ साली ऑर्व्हिल राइटने इथेच आपले विमान बर्लिनकरांना उडवून दाखवले. आणि १९४८ च्या जूनमध्ये रशियनांनी पश्चिम बर्लिनची नाकेबंदी केली, तेव्हा जवळजवळ वर्षभर त्या शहराचे धान्य आणि जळण आकाशमार्गाने ज्या तळांवर उतरत होते त्यांतला हा एक. २००८ च्या ऑक्टोबरात विमानतळ बंद झाला, २०१० च्या मे महिन्यात फाटके जनतेला उघडी झाली, आणि २०१४ साली कडेकडेने इमारती उठवण्याची तजवीज पुढे आली तेव्हा शहरवासीयांनी मतदान करून ती फेटाळली. भर वस्तीतल्या साडेसातशे एकरांवर बांधकामाची परवानगी नामंजूर होते, आणि तीही खुद्द रयतेच्या मताने, हे वर्तमान मी माझ्या खात्यातील दोघा जुन्या सहकाऱ्यांना कळवले; त्यांपैकी एकाचाही त्यावर विश्वास बसला नाही. वसंतात तिथल्या गवताचे मोठमोठे तुकडे चंडोलांच्या विणीसाठी राखून ठेवतात, हे मी त्यांना कळवलेच नाही.

आता पतंगाकडे. बाजारात हे पतंग चौरस मीटरांवर विकले जातात: दीड, दोन, तीन, पाच आणि त्याहून मोठे. कन्येचा एक मित्र हवा भरलेल्या मोठ्या चाकांच्या फळीवर पाय पट्ट्यांत अडकवून हाच खेळ गवतावर खेळतो. त्याने पाच मीटरांची शिफारस केली. आज मोठा वाटेल, महिन्याभरात बरोबर वाटेल आणि वर्षाने लहान वाटेल, असा त्याचा युक्तिवाद होता. हा युक्तिवाद माझ्या ओळखीचा आहे. माझे शाळेचे सदरे आईने याच तत्त्वावर शिवून घेतले होते, आणि त्यांच्या बाह्या मनगटाशी यायच्या आत ते सदरे कोपरांवर फाटलेले असत. परंतु सदरा मोठा झाला तर माणूस हास्यास्पद दिसतो एवढेच. पतंग मोठा झाला तर काय होते, याचे गणित निराळे आहे.

वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाने वाढतो. सेकंदाला ५ मीटर वेगाचा वारा, ज्याला आपण सुखद झुळूक म्हणून अंगरख्याचे बटण उघडतो, तो समोर धरलेल्या दर चौरस मीटर कापडावर साधारण दीड किलोचा भार टाकतो. तोच वारा १० मीटरांचा झाला की दीडाचे तीन होत नाहीत, सहा होतात. बरे, हा हिशेब झाला स्थिर कापडाचा. पतंग आकाशात आडवा धावू लागला की तो आपला स्वतःचा वारा स्वतः निर्माण करतो. मूळ वाऱ्याच्या तिप्पट वेगाने तो हवा कापीत निघाला तर त्याच्या अंगावरचा भार नऊपट होतो. म्हणजे धाब्यावर बसून ज्याला आपण निरुपद्रवी रुमाल समजावे, तो आकाशाच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जाताना क्षणभर बैल होऊन जातो. मग चाकांचा विचार करावा. वाळूत किंवा गवतात चाके रुततात आणि त्या रुतण्याला तोंड देण्यासाठी ओढ भरपूर हवी, म्हणून त्या मित्राला पाच मीटर शोभतात. डांबराच्या गुळगुळीत पट्टीवर मात्र स्केटबोर्डाची लहान, कठीण चाके इतकी निर्वेध फिरतात की बोटाने ढकलली तरी फळी चार हात पुढे जाते. शिवाय फळीवर पाय नुसते ठेवलेले असतात, बांधलेले नसतात. तेव्हा पतंगाने माणसाला जरा वर उचलले की माणूस वर आणि फळी खाली, असा घटस्फोट तत्काळ होतो. सबब कमी उचलणारा, आडव्या ओढीचा, दोन चौरस मीटरांचा पतंग पुरे, असा निवाडा मी दिला. रुंद पंखांचा, सडपातळ पतंग वेगवान असतो, पण वाऱ्याने दगा दिला की तो छत्रीसारखा मिटतो. आखूड आणि गुबगुबीत पतंग मंद, पण शहाणा. मी दुसऱ्याच्या बाजूने कौल दिला. मुलीच्या बाबतीत बापाचा कौल नेहमी मंद आणि शहाण्याच्याच बाजूने पडतो, हे तिनेही हसून नमूद केले.

पतंगाने गाडी ओढून न्यावी ही कल्पना मात्र अर्वाचीन नव्हे. इंग्लंडात ब्रिस्टल गावी जॉर्ज पोकॉक नावाचे एक पंतोजी होते. त्यांनी १८२६ साली एका दोरावर दोन पतंग लावून त्यांनी ओढायच्या गाडीचा हक्क रीतसर नोंदवून घेतला आणि त्या गाडीत माणसे बसवून ती प्रत्यक्ष सडकेने हाकली. त्या काळी तिकडे पथकर आकारीत तो घोड्यांच्या संख्येवर. पोकॉकमास्तरांच्या गाडीला घोडाच नसल्यामुळे नाक्यावरच्या कारकुनाला जकात कोणत्या सदराखाली वसूल करावी ते उमजेना आणि गाडी फुकट सुटे, अशी कथा सांगतात. महसूल खात्याच्या दारात जन्म गेलेल्या माणसाला ही कथा ऐकून कोणाची कीव करावी ते समजत नाही. मास्तरांची तर नक्कीच नव्हे. याच मास्तरांच्या मुलीचा मुलगा पुढे डब्ल्यू. जी. ग्रेस या नावाने क्रिकेटच्या इतिहासात अमर झाला. कामट्यांवाचून, नुसत्या वाऱ्याने फुगून आकार धरणारा पतंग मात्र फार पुढचा, अमेरिकेतल्या डोमिना जॅल्बर्टने १९६४ च्या सुमारास सिद्ध केलेला: कापडाचे दोन थर, त्यांमध्ये पेशी पाडणारे उभे कापडी पडदे आणि पुढच्या कडेला उघडी तोंडे, त्या तोंडांतून वारा आत शिरला की कापडाचा पंख होतो, आणि वारा थांबला की पंखाचे पुन्हा कापड.

पतंग आम्ही नवा घेतला नाही. एका गृहस्थाकडचा वापरलेला, दोन मीटरांचा, माफक किमतीत मिळत होता आणि तो पाहायला कन्येने मला नेले. इथे माझी येवल्याची विद्या खरोखर कामी आली, पण ती पतंगाची नव्हे, कापडाची. हे कापड नायलॉनचे, तलम, आणि त्यात दर काही धाग्यांनंतर एक जाड धागा उभा-आडवा टाकून बारीक चौकडा विणलेला. हेतू हा की एखादे भोक पडलेच तर चीर त्या चौकटीत अडून राहावी, पुढे धावू नये. आमच्या आळीत वस्त्र पारखताना म्हाताऱ्या माणसांना मी पाहिले होते तसा मी पतंगाचा एक पदर दोन्ही हातांनी ताणून ओठांशी धरला आणि त्यावर जोराने फुंकर मारली. नव्या कापडातून फुंकर पलीकडे जात नाही; उन्हाने आणि घासणीने जुने झालेले कापड ती सोडू लागते, आणि ज्या कापडातून माणसाची फुंकर जाते त्यातून वारा गेल्यावाचून कसा राहील? मधल्या भागात कापड घट्ट होते. कडेच्या दोन पेशींत गालाला पलीकडून किंचित गार लागले. तेवढ्यावर मी किमतीत थोडी सूट मागितली. कन्या लाजली, परंतु सूट मिळाली.

त्यानंतरचे काम म्हणजे दोऱ्या जुळवणे, आणि तिथे मी जो पराक्रम केला तो सांगण्यासाठीच हा सारा प्रपंच मांडला आहे.

या पतंगाला दोऱ्या चार. दोन पुढच्या, जाड, ज्या पंखाचा सारा भार वाहतात. दोन मागच्या, बारीक, ज्या पंखाच्या मागल्या कडेला जातात आणि ओढल्या असता ती कड खाली वळवून पतंगाला वळवतात, थोपवतात किंवा भुईवर उतरवतात. माणसाच्या हातात दोन मुठी. प्रत्येक मुठीच्या वरच्या टोकाला पुढची दोरी, खालच्या टोकाला मागची. मुठींना जाड दोरीचे आखूड शेपटे असतात, त्यांवर एकेक बोटाच्या अंतराने चार-पाच गाठी मारलेल्या, आणि मुख्य दोरीच्या टोकाचा डोळा त्यांपैकी एका गाठीमागे फासासारखा अडकवायचा. फास असा की ओढला तर घट्ट बसतो आणि ओढ गेली की नखाने सुटतो. आमच्याकडे गुराच्या दाव्याला ही युक्ती करीत. कोणत्या गाठीमागे कोणती दोरी, हाच काय तो सारा प्रश्न.

दोऱ्यांची लांबी २० मीटर. हा आकडा ऐकताच माझ्या अंतःकरणात काहीतरी हलले. मुंबई इलाख्याच्या जुन्या मोजणीची साखळी ३३ फुटांची, १६ आण्यांची. तिच्या चौरसाचा एक गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एकर. दोन साखळ्या म्हणजे ६६ फूट, क्रिकेटच्या दोन यष्ट्यांमधले अंतर, आणि २० मीटरांना अवघी पाच-सहा बोटे वर. म्हणजे माझ्या हातात आली होती ती माझ्याच दप्तरातली वस्तू. मैदानाच्या कडेला मी एक पेचकस जमिनीत रोवला, चारी दोऱ्यांचे डोळे त्यात अडकवले, दुसरी टोके एका ओळीत ताणून धरली आणि गुडघ्यावर बसून त्यांची रुजुवात घेतली. डावीकडची पुढची दोरी उजवीहून तीन सेंटिमीटर लांब भरली. भार वाहणारी दोरी वापराने ताणली जाते, मागच्या बिनभाराच्या दोऱ्या मात्र आपल्या मूळ मापाशी एकनिष्ठ राहतात, हे मला नंतर समजले. त्या वेळी मला फक्त चूक दिसली, आणि चूक दिसली की ती दुरुस्त करण्याचा आनंद मला अजून होतो. दोरीलाच गाठ मारली तर तिचे बळ घटते, म्हणून दुरुस्ती मुठीच्या जाड शेपट्यात केली. सायंकाळपर्यंत मी चारी दोऱ्या, मुठी सरळ उभ्या धरल्या असता, एकाच वेळी ताठ होतील अशा बसवल्या. मिलिमीटराचाही फरक राहिला नाही. पस्तीस वर्षांच्या नोकरीत इतकी निर्दोष मोजणी माझ्या हातून झाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तो पतंग उडाला नाही.

म्हणजे वारा नव्हता असे नव्हे. पश्चिमेचा चांगला वारा होता. झाडांची पाने सतत हलत होती आणि दूरच्या एका दुकानावरचे निशाण पूर्ण पसरले होते. मी पतंग धरी, कन्या मुठी सावरी, मी तो वाऱ्यात सोडी; पतंग दोन पुरुष उंच चढे, तिथे थबके, काहीतरी विसरल्यासारखा मागे कले आणि पाठीवर पडे. दहा वेळा सोडला, दहा वेळा पडला. मी वाऱ्याला दोष दिला, कापडाच्या त्या दोन सैल पेशींना दिला, आणि मनातल्या मनात कन्येच्या हातांनाही दिला. तेवढ्यात मघापासून आमच्याकडे पाहत गवतावर बसलेला एक उंच, उन्हाने भाजलेल्या गुडघ्यांचा म्हातारा उठला, जवळ आला, मुठीच्या खालच्या टोकाकडे बोट दाखवून एक शब्द बोलला आणि निघून गेला. मला तो शब्द 'लोकर' असा ऐकू आला. भर उन्हात त्याला लोकरीची आठवण का व्हावी, याचा मी विचार करीत राहिलो. कन्या मात्र हसत सुटली. जर्मन भाषेत 'लोकर' म्हणजे सैल.

मी मागच्या दोऱ्या ताठ बांधल्या होत्या. म्हणजे पतंगाने उडायचे आणि त्याच वेळी थांबायचेही, असा दुहेरी हुकूम त्याला प्रत्येक क्षणी मिळत होता. आणि मला ही गोष्ट ठाऊक नव्हती असे तरी कसे म्हणू? कागदी पतंगाची कन्नी, जिला आमच्यातले काही रसिक मंगळसूत्र म्हणत, ती बांधताना वरचा भाग आखूड आणि खालचा बोटभर लांब ठेवायचा, हे मला वयाच्या आठव्या वर्षी शेजारच्या नानांनी चापट मारून शिकवले होते. वर-खाली सारखी कन्नी बांधलेला पतंग जागच्या जागी गोते खातो. साठ वर्षांत चापट लक्षात राहिली, पण ती कशासाठी पडली ते मोजणी खात्यात कुठेतरी गहाळ झाले.

आम्ही मागच्या दोन्ही फासांची एक गाठ सोडली. पतंग तीन पुरुष उंच गेला आणि पुन्हा रेंगाळला. आणखी एक गाठ सोडली. आता जमिनीवर पडलेला तो पतंग मी हातात घेण्याआधीच उठून बसला, त्याची तोंडे एकामागून एक हवेने भरली, कापडाचा खडखडाट थांबला, आणि तो सरळ, न डगमगता, आमच्या डोक्यावरच्या आकाशात जाऊन उभा राहिला. पुढच्या दोन दोऱ्या ताणलेल्या, तंबोऱ्याच्या तारेसारख्या गुणगुणणाऱ्या; आणि त्यांच्या खाली मागच्या दोऱ्यांचे दोन सैल, लांब बाक, वाऱ्याबरोबर मंद हेलकावणारे. त्या बाकाकडे पाहताना मला प्रथम अस्वस्थ वाटले. मोजणीत साखळीचा झोळ हा गुन्हा असतो. झोळ पडला की जमीन आहे त्याहून लांब भरते आणि दोन भावांच्या तीन पिढ्या कोर्टात जातात. तोच झोळ इथे दोऱ्यांना लावून दिलेला, जाणूनबुजून, गाठ मोजून. ब्रेक मारला की तो भरून निघे, सोडला की पुन्हा पडे.

आनंदाच्या भरात मी एक आणखी अविचार केला. पतंग खाली घ्यायची वेळ आली, तेव्हा येवल्याच्या सवयीने मी पुढे झालो आणि दोरीला हात घालून ती हातोहात ओढू लागलो. ही दोरी सुती नव्हे. डायनीमा नावाच्या धाग्याची, सुतळीहून बारीक आणि माणूस टांगला तरी न तुटणारी. पतंगाने एक हिसका दिला आणि दोरी माझ्या तर्जनीवरून सरकली. रक्त फार आले नाही; पण त्याच बोटावर, त्याच पेरावर, मांज्याची एक पांढरी रेघ लहानपणापासून आहे, आणि तिच्याशी जवळजवळ समांतर अशी दुसरी रेघ आता उमटली. कन्येने पट्टी बांधली आणि तिच्या आईला कळवू नये असे माझ्याकडून कबूल करून घेतले. हे वास्तविक मी तिच्याकडून कबूल करून घ्यायला हवे होते.

अजून फळीवर उभे राहायचे बाकीच होते, आणि त्याआधी शिकायची गोष्ट मला सर्वांत चमत्कारिक वाटली. मनगटांना दोन पट्टे बांधतात. त्या पट्ट्यांपासून एकेक आखूड दोरी मागच्या, म्हणजे थोपवणाऱ्या दोऱ्यांना जोडलेली असते. संकट आले की मुठी सोडून द्यायच्या. मुठी सुटल्या की पुढच्या दोऱ्यांचा भार संपतो, पतंग केवळ मागच्या कडेने धरला जातो, निशाणासारखा फडफडतो आणि मुकाट्याने खाली येतो. युक्ती सोपी, पण घाबरलेल्या माणसाचा हात उघडत नाही, मिटतो. म्हणून कन्येने त्या गवतावर उभे राहून नुसते सोडण्याचा सराव केला. पतंग चढवायचा, ओढ भरात आली की दोन्ही हात उघडायचे. पुन्हा चढवायचा, पुन्हा उघडायचे. वीस वेळा तरी तिने तो सोडला असेल. आमच्या धाब्यावर आसारी हातातून सुटणे याला एकच नाव होते आणि ते इथे लिहिण्याजोगे नाही. मी प्रत्येक वेळी पतंग उचलून पुन्हा वाऱ्याला तोंड करून धरी आणि मोजी. पहिल्या पाच वेळा तिचे हात उशिरा उघडले, मग बरोबर, आणि पंधराव्यानंतर तिला त्यात मौज वाटू लागली.

फळीसाठी मात्र आम्हाला वाऱ्याची वाट पाहावी लागली, आणि ही गोष्ट विमानतळाच्या रचनेतूनच उद्भवली होती. विमान वाऱ्याला तोंड देऊन उडते, म्हणून धावपट्टी नेहमीच्या वाऱ्याच्या दिशेने आखतात. बर्लिनला पश्चिमेचा वारा बहुधा वाहतो, म्हणून टेम्पेलहोफच्या पट्ट्या पूर्व-पश्चिम. पतंगावर चालणाऱ्याला वारा आडवा हवा. पश्चिमेच्या वाऱ्यात पट्टीवर फक्त पूर्वेकडे वाहत जाता येते आणि फळी काखेत मारून दोन किलोमीटर पायी परत यावे लागते. वारा दक्षिणेचा किंवा उत्तरेचा असेल तर मात्र जाताही येते आणि येताही येते. ज्या आखणीने हजारो विमाने सुखरूप उतरवली, तीच आखणी आम्हाला आडवी आली, असे म्हणावे तर ती आडवी न आल्यामुळेच अडचण झाली होती. चार दिवस पश्चिमेचा वारा वाहिला. मी रोज पहाटे उठून वाऱ्याचा तक्ता पाहत होतो. नोकरीत असताना मामलेदारांच्या दौऱ्याचा तक्ताही मी इतक्या निष्ठेने पाहिला नव्हता.

पाचव्या दिवशी वारा दक्षिणेचा, मध्यम. सकाळी लवकर, पट्टीवर सायकली यायच्या आत, कन्या शिरस्त्राण घालून, गुडघ्यांवर आणि कोपरांवर कवचे चढवून फळीवर उभी राहिली. वाऱ्याकडे पाठ करून हात पसरावेत, म्हणजे पुढे जो आकाशाचा पाव गोल दिसतो तेवढेच पतंगाचे राज्य. त्याच्या ऐन मध्यावर ओढ आडदांड, कडांवर सौम्य. तिने पतंग मध्यातून न नेता कडेकडेने हळूच खाली आणला. क्षणभर काहीच झाले नाही. मग तिचा खांदा किंचित पुढे गेला, तिने अंग मागे टाकले, आणि फळी, जशी बैलगाडी उतारावर कुणी न हाकता निघावी तशी, निघाली. चाकांचा आवाज प्रथम खरखर, मग एकसुरी, मग ऐकू येईनासा. मी मागून धावलो. का धावलो ते सांगता येणार नाही, मी तिथे पोहोचून करणार काय होतो? शंभर पावलांवर मी थांबलो. ती दूर लहान होत गेली आणि तिच्या वर, तिच्याहून पुढे, तो तांबडा तुकडा.

परतताना ती एकदा पडली. झुळूक अचानक वाढली, पतंग मध्याकडे सरकला, फळी पायाखालून निसटून गवतात शिरली. पण पडण्यापूर्वीच तिचे हात उघडले होते. मुठी हवेत उडाल्या, पतंग फडफडत गवतावर निजला. ती बसून राहिली आणि लांबूनच मला हात हलवून काही नाही, काही नाही, अशी खूण करू लागली. जवळ गेलो तर हसत होती. डाव्या तळव्याची थोडी साल गेली होती. "आईला सांगू नका," ती म्हणाली.

माझा मुक्काम संपायला आठवडा उरला होता. निघण्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी, फाटके बंद व्हायच्या सुमारास, दोऱ्या मुठींवर आठाच्या आकड्यात गुंडाळताना (सरळ गुंडाळल्या तर पीळ पडतो, आठात गुंडाळल्या तर प्रत्येक वळसा मागच्या वळशाचा पीळ काढून घेतो) मी बॅगेतून येवल्याच्या रेशमाचा एक लाल तुकडा काढला आणि दोन्ही मुठींच्या खालच्या शेपट्यांवर, जिथे फास बसवायचा त्या दुसऱ्या सैल गाठीमागे, हद्दीची निशाणी म्हणून तो घट्ट बांधला. मी नसताना तिला पुन्हा शोधावे लागू नये, आणि माझ्यासारख्या एखाद्या पंचाने येऊन पुन्हा मोजणी करू नये, एवढाच हेतू.

नाशिकला परतल्यावर अडीच महिन्यांनी तिचा निरोप आला. सोबत छायाचित्र होते: मूठ, जाड शेपटा, लाल रेशीम थोडे विटलेले आणि फास त्याच्या पलीकडच्या गाठीत बसवलेला. खाली लिहिले होते: "पुढच्या दोऱ्या ताणल्या, बाबा. एक गाठ आणखी सैल केली."